चहा होईपर्यंत

डायलिसिसवरच्या माणसांचं रोजचं जगणं कसं चाललंय, याचे फॉर्म भरायला मी दर महिन्याला बारामतीहून कळसला जाते. फॉर्मवर 'जीवनाची गुणवत्ता' असं भारदस्त काहीतरी छापलंय. तिथले एक आबा फॉर्म दिसला की फोटो काढायचा असल्यासारखी टोपी नीट करतात.

शेवटचा प्रश्न असतो, आजच्या तब्येतीला शंभरपैकी किती गुण द्याल? त्यांची बायको शेजारीच बसलेली असते. आबा ठणकावून सांगतात, "ऐंशी! लिवा." आणि लगेच तिच्याकडं वळून, "अगं, म्याडमला च्या टाक की."

मी अजून पेनाचं टोपण काढलेलं नसतं. आजी आत गेल्या की आबांचा आवाज खाली येतो.

"तीस करा. तोंडाला चवच न्हाय. ती हौसेनं करती म्हणून गिळतोय. तिला म्हाईत न्हाय."

मी तीस लिहिते.

परवा मात्र मी पाणी प्यायला मधेच उठून आत गेले. चहा कधीचा कपांत ओतलेला होता, वर साय धरली होती. आजी दाराआडच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"झालं का त्यांचं सांगून?" त्यांनी हळूच विचारलं. "मग आनते."