मांडीखाली दाबलेला पट्टा

नौपाड्यातल्या अण्णा आठल्यांनी कुणाला फसवल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बत्तीस वर्षं एका कारखान्यात ते माल तपासायला होते. केसभर फरक दिसला की अख्खा लॉट परत. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. वाण्याची तूरडाळ असो की जावयाने आणलेला पंखा, चष्मा कपाळावर सरकवून उलटासुलटा बघितल्याशिवाय घरात घ्यायचे नाहीत. आणि ‘ह्यांनी बघितलंय’ म्हटलं की शुभदाताईंच्या लेखी विषय संपला.

अशा माणसाच्या गाडीत खोट असावी, आणि तीही सहा वर्षं! पण होती. दिव्याखाली अंधार म्हणतात ते काय उगाच?

गाडी चौदा सालची, छोटीशीच, पण टॉप मॉडेल. दर रविवारी दोघं शीळफाट्यावरून डोंबिवलीला लेकीकडे, मैथिलीकडे जायचे. एका रविवारी शुभदाताईंच्या बाजूचा सीटचा पट्टा खड्डा आला की खटक्यातून सुटायला लागला. सुटला की टूं-टूं-टूं. परत लावा, पुढच्या खड्ड्यात परत टूं-टूं. आणि त्या रस्त्यावर खड्ड्यांना काय तोटा! डोंबिवली येईस्तोवर अण्णांचं डोकं उठलं. दुसऱ्या दिवशी गुणाजी मेकॅनिकने खटका बघितला आणि म्हणाला, "गाडी खरं बोलतेय, अण्णा. खटकाच झिजलाय, पट्टा धरत नाहीये. नवीन मागवतो, आठ दिवस लागतील."

आठ दिवस टूं-टूं कोण ऐकणार? अण्णांनी बाजारातून पट्ट्याची नुसती लोखंडी जीभ आणली, खटक्यात घातली आणि हलू नये म्हणून शेजारी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठासला. गाडीला वाटलं, पट्टा लावलाय. गाडी गप्प. शुभदाताईंना म्हणाले, "सेन्सर बिघडलाय. तू पट्टा ओढून नुसता मांडीखाली दाबून बस. ह्या बाजूचा तसाच चालतो."

ह्यांनी बघितलंय म्हटल्यावर त्या कशाला शंका काढतायत?

गुणाजीचा फोन आला, पार्ट आलाय. अण्णा म्हणाले, येतो. पंधरा दिवसांनी परत फोन. म्हणाले, शनिवारी नक्की. तिसऱ्यांदा त्याने केला नाही, त्यालाही शंभर कामं. आणि अण्णांचा तो शनिवार सहा वर्षांत काही उजाडला नाही.

विसरले होते का? छे हो! विसरले असते तर बरं झालं असतं. जरा जोरात ब्रेक दाबावा लागला की त्यांचा डावा हात आपोआप शुभदाताईंच्या पुढे आडवा जायचा. शुभदाताईंना त्याचं कोण कौतुक! लेकीला सांगायच्या, "अगं मैथिली, लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण अजून ब्रेक मारला की ह्यांचा हात आधी माझ्यापुढे." अण्णा तेव्हा खाली मान घालून चहा प्यायचे. गार झालेला असला तरी प्यायचे.

यंदा डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. बाळकुमच्या काळुराम भोईरांना धाकट्या लेकीचा, कल्पिताचा हात बसायला छोटी गाडी हवीच होती. जुने गाववाले. शेतांच्या जागी टॉवर आले तशा दारात दोन मोठ्या गाड्या आल्या, पण माणूस अजून अंगणात खाट टाकून बसणारा. अण्णांनी रीतसर तक्ता आखून गाडीच्या खोटी लिहून दिल्या. मागच्या दाराला ओरखडा, वायपर किरकिरतो, असं करत सतरा. पुढे ‘कधीपासून’ असाही रकाना. अठरावीसाठी पेन टेकवलं आणि उचललं. खोट लिहिली असती हो, पण त्या रकान्यात काय लिहिणार?

काळुरामने कागद न वाचताच घडी करून खिशात घातला. "आन्ना, तुमची गारी म्हंजे डोले मिटून घ्यायची," तो म्हणाला. अण्णांना जेवण गेलं नाही त्या दिवशी.

पुढच्याच आठवड्यात गाडीच्या पूजेचं बोलावणं आलं. नारळ फोडायचा मान अण्णांचा. शुभदाताई हौसेने इरकल नेसून निघाल्या. बाळकुमला अंगणात गाडी झेंडूच्या माळा घालून उभी, चाकांखाली लिंबं. पहिली फेरी गावदेवीपर्यंत, कल्पिता चालवणार आणि शेजारी तिची आई. सखुबाई नऊवारी सावरत पुढच्या सीटवर बसल्या. कल्पिताने गाडी सुरू केली.

"आई, बेल्ट लाव गं." तिने स्वतःच आईचा पट्टा ओढला. "अगं, लागतच नाहीये. आत आधीच काहीतरी आहे."

नारळ हातात धरून अण्णा बॉनेटपुढे उभे होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. तेवढ्यात शुभदाताई लगबगीने दाराशी गेल्या.

"थांब गं, मी दाखवते. हा असा ओढायचा आणि मांडीखाली दाबायचा. ह्या बाजूचा तसाच चालतो." त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा सखुबाईंच्या मांडीखाली खोचला, वरून थोपटला. "झालं! मी सहा वर्षं अशीच बसत होते."

"बरं जालं सांगलंस, बाय," सखुबाई म्हणाल्या.

अण्णांनी ते ऐकलं. आपलंच वाक्य, शब्दाला शब्द, आणि बोलतेय कोण तर ही.

"कल्पिता, गाडी काढू नकोस!" अण्णा असे ओरडले की वाजंत्रीवालाही थांबला. नारळ बॉनेटवर ठेवून ते दाराशी आले, वाकले, ट्यूबचा तुकडा उपटला आणि ती जीभ खेचून बाहेर काढली. टूं-टूं-टूं. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

"काळुराम, ही खोट मला माहीत होती. कागदावर लिहिली नाही. पट्टा धरतच नाही इथे. मी लबाडी केली."

काळुराम मोठ्याने हसला. "इतकाच ना? उद्या मेकॅनिकला सांगून बदलतो. सखू, तू मागं बस. आन्ना, आजच्या काळान इतका तरी कोन सांगतं?" त्याने अण्णांच्या हातात परत नारळ दिला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, चारचौघांनी अण्णांच्या खरेपणाचं कौतुकसुद्धा केलं. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घातल्या असत्या तर पेढा तरी घशाखाली उतरला असता.

शुभदाताई कौतुकात नव्हत्या. त्या अण्णांच्या मुठीतल्या त्या लोखंडी जिभेकडे बघत होत्या.

परत येताना रिक्षा केली. बाळकुम नाका आला. "शुभदा, अगं, मी सांगणारच होतो," अण्णा म्हणाले. शुभदाताईंनी बाहेर बघितलं. तेवढ्यात एक स्कूटर आडवी आली, रिक्षावाल्याने कचकन ब्रेक दाबला आणि अण्णांचा डावा हात नेहमीसारखा शुभदाताईंच्या पुढे गेला.

शुभदाताई त्या हाताकडे बघत राहिल्या.

"पट्टा धरत नव्हता, म्हणून हा हात होता का?"

अण्णांना खोटं बोलता आलं असतं. सहा वर्षं जमलं होतं. पण त्यांनी खाली मान घातली.

"सखुबाईंना अंगणाबाहेर जाऊ दिलं नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर अण्णांना सोसला असता. "आणि मी वेडी, मैथिलीला कौतुकाने सांगत बसायचे."

त्यांनी अण्णांचा हात मनगटाशी धरला, उचलून अण्णांच्याच मांडीवर ठेवला, आणि नौपाडा येईपर्यंत रिक्षाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या.