हॉस्टेलच्या नळावरची मिसरी

आमचं कॉलेज तंबाखूमुक्त करायचं ठरलं, तेव्हा समितीत एक बाई हवी म्हणून मला घेतलं. मी इंग्रजी शिकवते, तीही तासिका तत्त्वावर. कॉलेजात सगळ्यात नवी मीच होते आणि मुलींच्या हॉस्टेलातल्या कोपऱ्यातल्या खोलीत राहत होते. वरून येणारे कागद इंग्रजीत असत. ते वाचून मराठीत सांगायला कुणीतरी लागत होतं. मी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, हा गुणही कदाचित कुणाच्या तरी लक्षात आला असेल.

सुरुवातीचे दिवस मजेचे गेले. फाटकापाशी पिवळा बोर्ड लागला: गुटखा, खर्रा, तंबाखू, सिगारेट आणण्यास व वापरण्यास मनाई. बोर्डाखाली पत्र्याचा डबा ठेवला, पोरांनी खिशातल्या पुड्या त्यात टाकाव्यात म्हणून. पोरं डब्यात चॉकलेटचे कागद टाकायची आणि पुड्या मोज्यात लपवायची. मग खेळाच्या सरांनी मोजे तपासायला सुरुवात केली आणि दोनच दिवसांत नाकाला रुमाल लावून ते काम सोडून दिलं. प्रिन्सिपल सरांनी स्वतःची डबी सगळ्यांसमोर डब्यात टाकली. त्यानंतर ते लवंग चघळायला लागले. त्यांच्या केबिनमध्ये गेलं की मसालेभाताची आठवण यायची.

मुलींच्या बाजूला काहीच करावं लागत नव्हतं. मुली काही खात नाहीत, असं सगळे धरूनच चालले होते. मला मात्र तसं धरून चालता येत नव्हतं, कारण मी रोज सकाळी हॉस्टेलच्या नळावर जात होते.

हॉस्टेलच्या रेक्टर म्हणजे आक्का. त्या हिंगोलीकडच्याच गोरेगावच्या. घरी बरी शेती, दोन कर्ते मुलगे, सुना. घरात दोन सुना असल्यावर स्वयंपाकघरात तिसरी बाई कशाला, असं म्हणत त्यांनी ही नोकरी धरली होती. रविवारी जीपनं गावी जायच्या, सोमवारी परत. सगळं हॉस्टेल त्यांना भ्यायचं. मी आले त्या पहिल्या आठवड्यात मला कुणाशी बोलताच येईना. खोलीचं दार लावून बिस्किटं खात बसायची. आक्कांनी एकदा दार वाजवलं, बिस्किटाचा पुडा उचलला आणि म्हणाल्या, "हे कुत्र्याला घालू. तू मपल्या संगं जेवायला बस." तेव्हापासून माझं ताट त्यांच्या ताटाशेजारी असायचं. त्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच एक ठिकाण होतं.

आक्का पहाटे नळाजवळच्या कट्ट्यावर बसून काळ्या पुडीनं हिरड्या चोळायच्या. बोट काळं, ओठ काळे, आणि तेवढा वेळ कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. हॉस्टेलातल्या पाच-सहा मुलीही तसंच करायच्या. मी नांदेडच्या इंग्रजी शाळेत वाढलेली. आमच्या पुस्तकातली तंबाखू म्हणजे लाल रेघेनं खोडलेली सिगारेट, आणि ती ओढणाऱ्या माणसाला मिशा. काळी पुडी म्हणजे कोळशाचं दंतमंजन, अशी माझी पक्की समजूत होती. पुढे एकदा माझी दाढ दुखायला लागली, तोवर ती तशीच राहिली.

"ही घे, चिमूटभर लाव अन् गप बस," आक्कांनी डबी पुढं केली. "गिळू नको. थुंकत राहा."

मी अगदी शिस्तीत, ब्रश करावा तसे, वरचे, खालचे, आतले, बाहेरचे सगळे दात चोळले. आधी दाढ दुखायची थांबली. मग नळ दोन दिसायला लागले. मग मी कपडे धुवायच्या दगडावर बसले आणि तो दगडही हळूहळू फिरायला लागला.

"मॅडमला चढली!" एक मुलगी ओरडली. ही बीएच्या दुसऱ्या वर्षाची, हॉस्टेलातली सगळ्यात बोलकी. सगळ्या नळावर हशा पिकला.

"आक्का, हे आहे तरी काय?" मी डोकं धरून विचारलं.

"मिसरी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तंबाखू तव्यावर भाजायची, काळी होऊस्तोवर, अन् कुटायची. मपली जाऊ लई बारीक कुटती."

"तंबाखू?"

"मंग काय चहापत्ती? लिंबू चोख आता, उतरंल."

असं मला ते कळलं होतं. पण समितीत आल्यावर मी ते कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

पावसाळा संपता संपता मला आणखी एक गोष्ट दिसली. आक्कांच्या ताटात ठेचा येईनासा झाला. त्यांचा ठेचा इतका जहाल की प्रिन्सिपल सर डबीत घालून घरी न्यायचे. त्या तो मुलींना करून वाढायच्या आणि स्वतः भाकरी दुधात कुस्करून खायच्या. चहासुद्धा बशीत ओतून गार करून प्यायच्या. मी बघायची आणि खाली मान घालून जेवायची.

त्याच सुमारास समितीची मीटिंग लागली. हिंगोलीच्या एक दातांच्या डॉक्टर बाई सगळ्यांचं तोंड तपासायला येणार होत्या. त्यांचा वेळ थोडा, म्हणून जिथं तंबाखू वापरली जाते तेवढ्याच ठिकाणी त्या जाणार: मुलांचं हॉस्टेल, ऑफिस, शिपाई. मुलींच्या हॉस्टेलात वापर नाही, असं लिहून मी सही करायची होती.

"तुमची बाजू तं कोरीच हाय मॅडम," खेळाचे सर कागद माझ्याकडं सरकवत म्हणाले. "करा सही, मंग चहा मागवू."

मी पेन हातात घेतलं. सही केली की डॉक्टर बाई हॉस्टेलचा जिना चढणार नव्हत्या. आणि आक्का आपल्या पायानं कधी दवाखान्यात जाणार नव्हत्या. नाही केली तर उद्यापासून माझं ताट कुठं असेल, हेही दिसत होतं. डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार होत होतं, ते मराठीत आणेपर्यंत चहा आलासुद्धा.

"सर," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की प्रिन्सिपल सरांनी पंखा बंद करायला सांगितला. पंखा थांबल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. "सर, मिसरी."

"मिसरीचं काय?"

"ती तंबाखूच असते, सर."

मग खेळाचे सर हसले. "मॅडम, मिसरी दाताला लावतेत. खात न्हाईत कुणी."

"मी लावली होती. मला चढली."

यावर मात्र सगळेच हसले. पण हसता हसता खेळाचे सर एकदम थांबले. कपातल्या चहाकडं बघत म्हणाले, "मपली आई दिवसातून चारदा लावती. आमी तिला कधी काही म्हटलंच न्हाई. मला मात्र बाप सुपारी खाऊ देत नव्हता."

प्रिन्सिपल सरांनी तोंडातली लवंग या गालातून त्या गालात नेली. "आमच्या घरीही डबी आहे," ते म्हणाले. "बायकोची." मग कागद माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः त्यावर लिहिलं: मुलींचे वसतिगृह, तपासणी करावी.

कॉलेजपासून हॉस्टेलपर्यंत चालत जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत बातमी पोचली होती. आक्का व्हरांड्यात लसूण सोलत होत्या.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. त्या मला एरवी मॅडम म्हणत नसत. "काय सांगून आल्या मीटिंगात?"

"तुमचं नाव नाही घेतलं आक्का."

"नाव काहून घ्यावं लागतंय? ह्या हॉस्टेलात मिसरीची डबी कुणाची, हे दारातल्या कुत्र्याला बी ठाऊक हाय." लसणाची पाकळी ताटात टण्णकन पडली. "अन् तंबाखू गडी खातेत. बायका मिसरी लावतेत. खाणं येगळं, लावणं येगळं. मपल्या सासूनं लावली, तिच्या सासूनं लावली. तुमच्या पुस्तकात नसंल ते."

त्या रात्री माझं ताट झाकून खोलीवर आलं. ते घेऊन आलेली बोलकी मुलगी दारातच कुजबुजली, "मॅडम, लई तापल्यात. आमच्या डब्या आमी गव्हाच्या पिपात लपवल्यात, तुमी तिकडं बघू नका."

दुसऱ्या दिवशीही ताट खोलीवर आलं. तिसऱ्या दिवशी मी ते उचललं, खाली गेले आणि आक्कांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी भाकरी मोडली. मग विचारलं, "आक्का, तोंडात आग होते का?"

"कुणी सांगितलं?"

"ठेचा खात नाही तुम्ही. चहा गार करून पिता."

"मपल्या ताटात बघून राहिली व्हय तू?"

"हो," मी म्हणाले. "रोज बघते."

आक्कांनी दुधातली भाकरी उगाच आणखी कुस्करली. म्हणाल्या, "खालच्या ओठाच्या आत. खडबडीत लागतंय जिभेला. घरी सांगावं तं पोरं गाडी करून संभाजीनगरला नेतील, सोयाबीन तसंच उभं राहील रानात. म्हटलं, काढणी होऊ दे." मग माझ्याकडं वळून, "त्या डॉक्टरणीला नुसतं बघू देईन. बोलणी खाणार न्हाई तिची. अन् तू संगं बसायचं."

डॉक्टर बाई माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. टॉर्च, छोटा आरसा आणि हातमोजे घेऊन त्या हॉस्टेलच्या जेवणघरात बसल्या. मुली रांगेत एकमेकींना ढकलत होत्या. कुणी आऽ केलं की मागच्या सगळ्या आऽ करायच्या. आक्का सगळ्यात शेवटी आल्या, तोंडाला पदर लावून.

"किती वर्षं लावताय, आक्का?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"दात आल्यापासून."

त्यांनी ओठ खाली ओढून टॉर्च मारला आणि मलाही दाखवलं. गुलाबी कातडीवर दुधाची साय सुकावी तसा पांढरा डाग होता. माझा हात आक्कांच्या हातात होता. त्यांनी तो इतका दाबला की अंगठी रुतली.

"हा मिसरीचाच डाग आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आज बंद केली तर जाऊही शकतो. पण मला खात्री करून घ्यायची आहे. सोमवारी हिंगोलीला या, छोटा तुकडा काढून तपासू."

"अन् वाईट निघालं तं?"

"तर लवकर सापडलं म्हणू. पण आधी या."

आम्ही गेलो. डॉक्टर बाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत हॉस्टेलात कुणी मोठ्यानं हसलं नाही. रिपोर्ट इंग्रजीत होता. तो मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून वाचला, पुन्हा वाचला आणि मराठीत सांगितला: कॅन्सर नाही. मिसरी बंद करायची, आणि दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं.

"बराबर वाचलंस ना?" आक्कांनी विचारलं.

"बरोबर वाचलं."

"मंग रडून काहून राहिली?"

रिपोर्टाचं भागलं, खरी तकलीफ पुढं होती. मिसरी सोडलेल्या आक्का म्हणजे काय, हे त्या महिन्यात जे हॉस्टेलात राहिलं त्यालाच ठाऊक. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होईना. नळ गळतो म्हणून त्या नळाला शिव्या द्यायच्या. एका मुलीनं घट्ट वेणी घातली म्हणूनही तिला बोलणी बसली. मुलींनी मग आक्कांचा ताबाच घेतला. पहाटे कोमट पाणी, मग मैदानाला फेऱ्या, हाताशी भाजलेल्या ओव्या-बडीशेपेची वाटी. आठव्या का नवव्या दिवशी आक्कांनी गव्हाचं पीप उपडं केलं, सगळ्या डब्या काढल्या आणि मोरीत रिकाम्या केल्या.

"मी सोडली अन् तुमी लावता व्हय? उद्यापासून समद्या मपल्या संगं फेऱ्या मारायच्या."

"तुमी पण या मॅडम," बोलकी मुलगी म्हणाली. "तुमीच लावलेली आग हाय."

मीही मारायला लागले. मला पहाटे उठायचा भयंकर कंटाळा आहे, पण हे तिथं कुणाला सांगायची सोय नव्हती. पेंटर येऊन फाटकावरच्या बोर्डात मिसरी घालून गेला. जागा उरली नव्हती म्हणून त्यानं ती अक्षरं अगदी काठाशी, बारीक करून बसवली.

डॉक्टर बाई पुन्हा कॉलेजात आल्या तो दिवस सोमवारचा होता, आक्का आदल्या दिवशीच गावी गेलेल्या. परत येऊन दाखवते म्हणाल्या होत्या. अकराच्या सुमारास फाटकाशी गोरेगावची जीप थांबली. पुढच्या सीटवरून आक्का उतरल्या. मागून एक बाई उतरली, मग दुसरी, मग एकीनं दुसरीला आतून ढकललं, आणि जीप रिकामी होईचना. आक्कांची जाऊ, चुलत जाऊ, शेजारीण, भावकीतल्या दोन म्हाताऱ्या.

"समद्या तोंड दाखवायला आल्यात," आक्कांनी जाहीर केलं. "आधी मपलं बघू दे डॉक्टरणीला, मंग ह्यांचं. मपला डाग बारीक झाला म्हणाली, तं ह्या सोडायचं बघतील. अशी बोली झालीय."

जेवणघरात डॉक्टर बाईंनी टॉर्च लावला. गोरेगावच्या बायका आक्कांच्या खुर्चीभोवती वाकून उभ्या राहिल्या. डॉक्टर बाईंनी ओठ ओढला, आरसा फिरवला, पुन्हा फिरवला.

"अर्ध्याहून जास्त गेलाय," त्या म्हणाल्या. "अजून येत राहायचं, पण छान आहे."

"कुठं, बघू दे," म्हणत जावेनं टॉर्चसमोर डोकं घातलं. मग ती माझ्याकडं वळली. "हीच का ती इंग्रजीची पोरगी? मपली एवढी बारीक कुटलेली मिसरी मोरीत गेली म्हणं हिच्यापायी?"

"हीच," आक्का तोंड आऽ ठेवूनच म्हणाल्या.

"अन् आमच्या पोटाचं काय गं बाई?"

त्या सगळ्याजणी माझ्याकडं बघत होत्या. डॉक्टर बाई म्हणाल्या, "मॅडम, जरा रांग लावता का? मला उजेडच येत नाहीये."

मी एकदा "बायांनो" म्हटलं, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मग मी स्टुलावर चढले आणि आजवर वर्गातसुद्धा कधी लागला नव्हता एवढा मोठा आवाज लावला. म्हाताऱ्या दचकून भिंतीला लागल्या. जाऊ पदर सावरत पहिली उभी राहिली आणि पोटाचं आधी सांग, मगच तोंड उघडीन, असं म्हणून तिनं ओठ गच्च मिटून घेतले.

"पहाटे कोमट पाणी," मी स्टुलावरूनच सांगायला लागले, "मग मैदानाला फेऱ्या..."