एक्स्चेंजचा नवा बोर्ड

साठच्या दशकात मी लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होतो. एक्स्चेंज म्हणजे एक खोली, एक लाकडी बोर्ड आणि त्या बोर्डाला ओळीत दहा अशी भोकंच भोकं. प्रत्येक भोक एका गिऱ्हाइकाचं. कुणी फोन उचलला की कोण हवंय ते विचारायचं आणि दोरीची पिन त्याच्या भोकात खुपसायची. हवा इतकी दमट, की श्रावणात माझ्या हेडफोनमध्ये अळंबी उगवायची. तिची भाजी करून खाल्ली आहे आम्ही. खोटं वाटलं तर बायकोला विचारा. त्याच ओलीनं बोर्डाच्या पाठीमागचे आकडे पार धुऊन गेले होते.

शेवटी नवा बोर्ड आला. एका रविवारी अख्खं गाव जुन्या बोर्डावरून नव्यावर हलवायचं ठरलं. आमचे लाइनमन मावळातल्या एका वाडीचे, वयानं मोठे, म्हणून आबा. आबांनी जुन्या बोर्डाच्या पाठीमागं उभं राहून एकेक ओळ डावीकडून मोजली आणि तारांना आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या. नव्या बोर्डावर आकडे छापलेलेच होते. चिठ्ठी बघायची, तार जोडायची. दुपारी बोर्डाला हार घालून आम्ही पेढे खाल्ले.

तेवढ्यात बेकरीवाले चाचा दारात. अंगात इस्त्रीची शेरवानी, कपाळावर घाम.

"ऑपरेटरसाहेब, आज पुण्याहून मुलाकडच्यांचा फोन यायचाय. माझ्या मुलीला होय की नाही, ते सांगणार आहेत. दुसरं स्थळही आलंय त्यांना. फोन लागला नाही, तर ते तिकडं वळतील."

"चाचा, बोर्ड नवाकोरा आहे. तुम्ही घरी बसून फक्त घंटी ऐका."

चाचा गेले आणि गोंधळ सुरू झाला. खंडाळ्याच्या बंगल्यातल्या शेठनी डॉक्टर मागितले. मी पिन खुपसली. "दोन दिवस जुलाब होतायत," शेठ कण्हले. पलीकडून सिनेमा थेटरचा मॅनेजर म्हणाला, "साडेसहाचा खेळ आहे. मध्यंतरापर्यंत दम निघेल का?" इकडं सिनेमाची तिकिटं मागणाऱ्यांना डॉक्टर बजावत होते, "रिकाम्या पोटी या, आणि बाटली घेऊन या." शाळेचा फोन पोलिस चौकीत वाजत होता. घरून शाळेच्या शिपायाला फोन लावणाऱ्या हेडमास्तरांना फौजदाराचा आवाज ऐकून कापरं भरलं, असं म्हणतात.

आम्ही स्क्रू आवळले. तारा शेगडीवर शेकल्या. आबांनी नारळ फोडला. बोर्ड ढिम्म.

"आबा, तुम्ही मोजताना चुकलात."

"म्या? आरं, माजं मोजणं चुकलं तर मिश्या काडून देईन! जुना बोर्ड हितंच हाय. चल, मोजू परत!"

आबा जुन्या बोर्डाच्या पाठीमागं गेले, मी पुढं. एवढ्यात पुणं लागलं. बेकरीवाल्यांना मागत होते. मी धावत जाऊन नव्या बोर्डावर बेकरीच्या भोकात पिन खुपसली, "बोला" म्हणालो आणि परत भांडायला आलो.

"चौथी ओळ, डावीकडून तिसरं!"

"तिसऱ्यावरच बोट हाय माजं!"

"मला दिसत नाही!"

"तुला कसं दिसंल? मदी बोर्ड हाय!"

मी शेजारच्या क्वार्टरमधून बायकोची विणायची सुई आणून तिसऱ्या भोकात घुसवली. पलीकडून आबांची बोंब उठली. "आरं, कुटं खुपसतुयास! आठव्यातनं आली की! काखंत घुसली!"

मग दोघांनी हळूच बोर्डाच्या दोन्ही कडांनी वाकून एकमेकांकडं पाहिलं. त्यांची डावी ती माझी उजवी. प्रत्येक ओळ उलटी उतरली होती. पहिला दहाव्याच्या जागी, दुसरा नवव्याच्या, तिसरा आठव्याच्या.

आणि बेकरी चौथ्या ओळीत तिसरी. आठवा कोण? लाकडाचे वखारवाले! चाचांचं आणि त्यांचं कित्येक वर्षं बोलणं बंद. दोघं समोरासमोर आले, तर रस्ता कूस बदलायचा.

तेवढ्यात चाचाच धापा टाकत आले. "घंटी वाजलीच नाही हो!"

मी बेकरीच्या भोकात पिन घातली आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. अर्धा कान माझाही होताच. पलीकडून वखारवाले गरजले, "कोण? पुण्याचा फोन येऊन गेला. मी सांगितलं, बाप माझा वैरी आहे. वर्षानुवर्षं माझ्या लाकडाला ओलं म्हणतो."

चाचांनी भिंत धरली.

"पण पोरगी सोनं आहे, म्हटलं. माझी बायको तापानं पडली, तेव्हा ती पोर बापाला चोरून रोज पेज आणून भरवायची. ते म्हणाले, वैरी एवढं बोलतो, तर आणखी चौकशी कशाला? आमचा होकार कळवा. आता त्या बेकरीवाल्याला सांगा, लग्नाच्या जेवणाची देग माझ्याच लाकडावर चढायची."

चाचांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता उपकार मानतील.

"तुमचं लाकूड ओलंच असतं," चाचा म्हणाले.

"तुमचा पाव कच्चा असतो!"

आणि जे जुंपलं म्हणता! सगळ्या साठलेल्या वर्षांचं बोलणं त्या एका तारेत शिरलं. मधेच वहिनींच्या तब्येतीची चौकशी, मधेच पुन्हा लाकूड. बोर्डावर डॉक्टर, फौजदार, हेडमास्तर ताटकळले होते. पाठीमागून आबा ओरडले, "तारा बदलू का?"

"थांबा," मी म्हटलं, "अजून भांडण संपलं नाही."