पाय टेकवायचा नाही

आमच्या चाचणीच्या आवारात त्याला सगळे तराजू म्हणत. मोटरसायकल जागच्या जागी उभी ठेवून, दोन्ही पाय वर घेऊन, तो कपभर चहा सावकाश संपवायचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने कारखान्याच्या नव्या गाड्या चालवून बघण्यात काढली. पडला पुष्कळदा, हाड कधी मोडलं नाही. कारण गाडी कलली की त्याचा डावा पाय विचार न करता खाली यायचा.

मग आपला तोल आपणच सांभाळणारी आणि पुढे बिनस्वाराची धावणारी मोटरसायकल करायचं ठरलं. मी फिटर. सांगाडा आणि आधाराची चाकं माझ्याकडे, हिशेब इंजिनियरबाईंकडे. माणूस तोल कसा धरतो हे गाडीला शिकवायला स्वार हवा होता. तराजूच्या पाठीला, कमरेला तारा चिकटवल्या.

"लग्नातसुद्धा एवढा नटला नव्हतास," मी म्हणालो.

"तेव्हाही असंच धरून बसवलं होतं."

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, पाय टेकवायचा नाही. तुमच्या पायाचा रेटा गाडीला धक्का वाटतो. ती उलटा जोर लावते आणि तुमच्याच अंगावर येते."

त्याला ते पटलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो उंच स्टुलावर बसायचा, मला बाजूने ढकलायला सांगायचा आणि पाय आवळून धरायचा. घाम फुटेपर्यंत. बहुतेक वेळा जमायचं. "बांधूनच टाका पाय," असंही तो बाईंना म्हणाला. त्या नको म्हणाल्या. गाडी आडवी झाली तर सुटणार कसा?

आधाराची चाकं काढल्यावर अगदी सावकाश वळायची चाचणी होती. वळणावर गाडी जराशी कलली. ती सावरतही होती. तेवढ्यात त्याचा डावा पाय खाली गेला. गाडी उलट रेटत त्याच्यावर आली. आम्ही चौघांनी ती उचलली तेव्हा घोट्याच्या जागी घोटा नव्हता.

पाय गुडघ्याखाली कापला. चौकशीला आलेल्यांना त्याने खाटेवरूनच सांगितलं, "गाडीची चूक नाही. पाय मी टेकवला."

"इतकी वर्षं त्याच पायाने तुम्हाला धडधाकट घरी आणलं," बायको म्हणाली, "आणि आता त्यालाच बोल लावा."

त्याने मनाशी एकच धरलं होतं. या गाडीला पाय लागत नाही, म्हणजे आपल्याला चालवता येईल अशी हीच एक गाडी उरली. नकली पाय लावून तो घरचा जिना चढायचा, उतरायचा, कातडी सोलून निघेपर्यंत. चाल बसली तसा आवारात आला.

"बाई, हा नकली पाय काही आपणहून खाली जायचा नाही. बसवा मला."

बाई त्याला आत घेऊन गेल्या. नवी गाडी तिथे एकटी उभी होती, स्टँडशिवाय. तिला सीट नव्हतं. सीटच्या जागी एक सपाट पेटी बसवलेली.

"काका, आता स्वार लागणार नाही," बाई म्हणाल्या.

त्याने पेटीवरून हात फिरवला. "सफाईदार झालीय," म्हणाला, आणि वळताना माझा खांदा घट्ट धरला.

आता कुठे जायचं असलं की बायको त्याला स्कूटरवर मागे बसवून नेते. परवा चौकात मी त्यांच्या शेजारीच थांबलो होतो. स्कूटर थांबली तशी त्याची डावी मांडी ताठ झाली, नकली पाय फूटरेस्टवरून खाली घसरला.

"अहो, मी टेकवलाय," ती समोर बघतच म्हणाली.