विहिरीवरचं आप्पांचं इंजिन

लिंबू-मिरची आमच्या घरात फक्त जेवणात लागते, हे आधीच सांगते. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून सगळ्यात आधी हसणारी मीच... आणि आज मीच हे लिहितेय.

सासर वरकुटे, तालुका इंदापूर. माझ्या सासऱ्यांचे, तात्यांचे, कान जात चाललेत. डॉक्टर म्हणाले, जे थोडं ऐकू येतंय तेही फार टिकणार नाही. त्यावर तात्यांचा एकच हट्ट – विहिरीवरचं जुनं इंजिन एकदा चालू करा. त्यांचे थोरले भाऊ, आप्पा, यांनी मिलिटरीच्या लिलावातल्या गाडीचं ते इंजिन पंपाला जोडलं होतं. पुढे विजेची मोटर आली, आप्पाही गेले आणि इंजिन तसंच पडून राहिलं.

"आप्पाचा आवाज इसरलो गं पोरी... पर ह्येचा न्हाय," तात्या म्हणाले. मग काय, मी पदर खोचला!

पार्ट मिळवायचे तर गाडी कोणती ते कळायला हवं. पण आमच्याकडची भक्ती बघा – दर खंडेनवमीला इंजिनाला ऑइलपेंटचा नवा हात, मग हळदकुंकू. इतक्या वर्षांचा रंग खरवडला, तर खाली नंबरच नाही! रंग नीट बसावा म्हणून तात्यांनी तो कधीतरी कानशीने घासून सपाट केलेला.

"लई खडबडीत दिसत हुतं," वर हे उत्तर.

शेवटी पुण्याचे एक काका सापडले, जुन्या मिलिटरी गाड्यांचे वेडे. भर दुपारी विहिरीवरून मी त्यांना व्हॉइस नोट पाठवली – नमस्कार, असं असं इंजिन आहे, फोटो पाठवते. रेंज जेमतेम, नोट कशीबशी गेली, फोटो गेलेच नाहीत. पण काकांचा फोन आला.

"अहो, चालू इंजिनाला पार्ट कशाला? मागे किती सुरेख आवाज येतोय! सहा सिलिंडर. महायुद्धातल्या वेपन कॅरियर गाडीचं आहे हे. फक्त एक व्हॉल्व्ह टकटकतोय."

समोर इंजिन उघडं पडलेलं. हेड खाली, कार्बोरेटर घमेल्यात... मी ती नोट पुन्हा ऐकली. माझा आवाज आणि झाडावरच्या होल्यांचं घुमणं, बस्स.

तरी मी त्याच गाडीचं हेडचं पॅकिंग आणि बाकीचं सामान मागवलं. सगळं चपखल बसलं. फिटरने हँडल मारला आणि इंजिन धडधडायला लागलं. मधेच टक... टक... फिटर व्हॉल्व्ह बघायला वाकला, तर तात्यांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. आप्पाच्या येळंपासनं हाय ती टकटक. त्येनं बी कुनाला हात लावू दिला न्हाय." तात्यांचे डोळे वाहत होते. माझेही.

आता तात्यांना माझी हाकही ऐकू येत नाही. एकदा सहज ती व्हॉइस नोट लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. तात्या हसले. त्यांचं बोट खाटेच्या माचव्यावर वाजू लागलं – टक... टक...

हे कसं, ते मला विचारू नका, मला खरंच माहीत नाही. मी रोज दुपारी नोट लावून देते.