घेवड्याची मूठ

१४ एप्रिल, बुधवार. पहाटे दव गोठलं नाही. वरच्या वाफ्यात मुळा टाकला. तांबडी कोंबडी खुडूक झाली. दुपारी थोरल्या जाऊबाई येऊन गेल्या.

एवढं लिहून धाकटीने पेन खाली ठेवलं. पुढे काय लिहावं ते सुचेना.

दोन्ही जावांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, पण पाच वर्षांत ती ओलांडून ना हाक आली होती ना वाटी. बिनसलं ते पाण्यावरून. डोंगरावरून येणारा पाट एकच. त्या उन्हाळ्यात थोरलीने पाळी संपल्यावरही पाणी आपल्याच वाफ्यांकडे वळतं ठेवलं आणि धाकटीचा कोबी, घेवडा सगळं उभ्या जागी वाळलं. तिचा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला. तिने थोरलीच्या दारात जाऊन नको नको ते ऐकवलं. थोरलीच्या तोंडातही काही मिठाची गुळणी नव्हती.

सासूने मात्र दोघींना एक रीत घालून दिली होती. इथली थंडी कधी कोणाचं पीक मारील याचा नेम नाही, तेव्हा घेवडा काढला की बियाण्याची एक मूठ जावेकडे द्यायची. एकीचं गेलं तर दुसरीकडून न्यायचं, आणि मागायला आलेलीला कारण विचारायचं नाही. काळ्या रेघांचा तो घेवडाच तेवढा या उंचीवर तग धरायचा. बाजारचं बी वीतभर वाढून मान टाकायचं. भांडणाच्या वर्षीही थोरलीने सुनेच्या हाती मुकाट्याने मूठ पाठवली होती. त्यानंतर नाही.

आज थोरली रिकामी वाटी घेऊन दारात उभी राहिली. गुडघे धरून उंबरा चढली. धाकटीने बसा म्हटलं तरी बसली नाही.

"कारण विचारायची रीत नाही, पण सांगते," ती म्हणाली. मुलाने स्वयंपाकघर नवं केलं, चूल काढून टाकली. चुलीवर धुरात टांगलेलं बियाणं त्याने हौसेने घट्ट झाकणाच्या बरणीत भरलं. नीट वाळलंच नव्हतं. काल उघडलं तर आत नुसती बुरशी.

"मूठभर दे. माझ्या नावाने नको, सासूबाईंच्या नावाने दे."

धाकटीचे वाफे वळणापलीकडे, थोरलीच्या नजरेआड. तिथे इतकी वर्षं वाटाणाच होता. बियाणं उंदरांनी खाल्लं म्हणाली असती तरी खपून गेलं असतं. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"नाही राहिलं, जाऊबाई. तुम्ही पाठवलंत त्याच दिवशी शिजवलं मी. रागाच्या भरात. ह्यांनाही वाढलं."

थोरलीने हातातली वाटी तांब्याशेजारी ठेवली.

"मऊ झालं का?"

"नाही. टणकच राहिलं."

"आधी भिजवायचं तरी होतंस," थोरली म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत उतरली. पाण्याला तिने हात लावला नाही.

दिवेलागणीला धाकटीने पुन्हा डायरी उघडली आणि त्याच नोंदीखाली लिहिलं: थोरल्यांची वाटी आपल्याकडे राहिली. घासून फडताळात ठेवली.