गंजाची रेघ

मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि तिची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी शिवणकाम करणाऱ्या आईच्या गळ्यात पडली. माशांना लपायला आणखी एक दगड हवा होता. आईने भोकाभोकांचा पांढरा चुनखडीचा दगड फोनवर दाखवला. "हा चालेल," म्हणून लेकीने लगेच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईने मुद्दाम गंजाची रेघ असलेला दगड दाखवला.

"अगं आई, वेड लागलंय का? त्यातला धातू पाण्यात उतरला की मासे मेलेच! थांब, पहिल्यापासून सांगते."

आईला ते सगळं तोंडपाठ होतं. शिलाई मशीन बंद करून, दगड मांडीवर घेऊन ती म्हणाली, "सांग बाई, सावकाश सांग. मला मेलीला काही कळत नाही."